बटाटा, कोबी आणि नाताळ

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की घाटकोपर स्टेशनबाहेरच्या केकच्या दुकानांत दोन पाट्या लागतात. एक 'प्लम केक' आणि तिच्याखाली, अक्षर अंमळ मोठं, 'एगलेस'. आमच्या गुजराती-मराठी वस्तीत दुसरी पाटी नसेल तर पहिलीला गिऱ्हाईक नाही. अशाच एका रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या पोरानं आईला विचारलं, "ख्रिसमसला आजी नाताळ का म्हणते गं?" आई म्हणाली, "मराठीत तसंच म्हणतात."

उत्तर चूक नव्हतं, पण त्यानं पोराचं समाधान झालं नाही आणि माझंही झालं नाही. हिंदीतला 'बडा दिन' ऐकताक्षणी कळतो. 'नाताळ' मात्र कुठल्याच मराठी धातूत बसत नाही. 'ना ताळ ना तंत्र' यातला तो ताळ नव्हे. मग हा शब्द कुठला? आणि शब्द बाहेरून आला असेल, तर त्याच्या पाठोपाठ आणखी काय काय आलं?

१. एका शब्दाची पायपीट

लॅटिन भाषेत 'नातालिस' म्हणजे जन्माचा. त्यापासून पोर्तुगीजांनी 'नताल' केलं आणि ते येशूच्या जन्मदिवसासाठी राखून ठेवलं. आपला नाताळ तो हाच. पोर्तुगीज माणूस शेवटचा 'ल' जीभ मागे ओढून जड उच्चारतो. आपल्याकडे 'ळ' तयारच होता, तो कानाला जवळचा वाटला असावा. कोकणीत नाताळ आणि गुजरातीत नाताल, म्हणजे घाटकोपरच्या एका मजल्यावरच्या चारही बिऱ्हाडांत हा सण एकाच पोर्तुगीज नावानं ओळखला जातो.

हा शब्द जहाजात बसून जगभर फिरला. वास्को द गामा भारताच्या वाटेवर असताना १४९७ च्या नाताळात आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळून जात होता, म्हणून त्यानं त्या किनाऱ्याला 'नाताल' नाव दिलं. पुढे १८९३ मध्ये मोहनदास गांधी नावाचा तरुण बॅरिस्टर त्याच नातालमध्ये उतरला आणि दुसऱ्याच वर्षी त्यानं 'नाताल इंडियन काँग्रेस' काढली. ब्राझीलमध्येही नाताल नावाचं शहर आहे. त्याची स्थापना २५ डिसेंबर १५९९ ची.

नाताळ एकटा आला नाही. पाव, पगार, चावी, घमेलं, फीत, पिंप, बटाटा, कोबी ही सगळी त्याच गलबतातली मंडळी. यातल्या शेवटच्या दोन लक्षात ठेवा, पुढे ताटात भेटणार आहेत.

२. घाटकोपरवर जास्त वर्षं राज्य कुणाचं?

हा प्रश्न मी अनेकांना विचारून पाहिला आहे. उत्तर हमखास 'इंग्रजांचं' येतं. आपण हिशेब मांडू.

गुजरातच्या सुलतान बहादूरशाहानं २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई, मुंबईची बेटं आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. नाताळच्या दोन दिवस आधी. साष्टी म्हणजे वांद्रे-कुर्ल्यापासून वर ठाण्यापर्यंतचं मोठं बेट. आजचं घाटकोपर त्याच्या पूर्व कडेला, खाडीच्या बाजूला येतं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि साष्टी त्यांच्याकडे गेली.

आता वजाबाकी. १७३७ वजा १५३४, पोर्तुगीजांची २०३ वर्षं. १७७४ वजा १७३७, मराठ्यांची ३७ वर्षं. १९४७ वजा १७७४, इंग्रजांची १७३ वर्षं. म्हणजे घाटकोपरच्या जमिनीवर इंग्रजांपेक्षा पोर्तुगीज ३० वर्षं जास्त होते. आपल्याला जो ख्रिसमस 'इंग्रजी' वाटतो त्याचा फक्त वरचा थर इंग्रजी आहे: प्लम केक, सजवलेलं झाड, लाल डगल्यातला म्हातारा. जुन्या चाळीची भिंत खरवडावी तसा तो थर खरवडला की खाली पोर्तुगीज चुना लागतो आणि त्याच्याही खाली आपली कुडाची भिंत.

हा चुना हळुवार हातांनी लावला गेला, असा कुणाचा समज नसावा. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मविषयक चौकशीचं न्यायालय, १५६० ते १८१२ या काळात (मधली काही वर्षं वगळता) चाललं. जुने रीतिरिवाज सोडले नाहीत म्हणून नव्या ख्रिस्ती कुटुंबांना त्यानं छळलं. तरीही रीती उरल्या, त्या कशा हे आपण पाहणारच आहोत.

साष्टी-वसईतल्या या ख्रिस्ती लोकांची घरची बोली मराठीच राहिली. कोळी, कुणबी, भंडारी, सामवेदी अशा समाजांतून आलेली ही माणसं. पुढे गोवा आणि मंगळूरहून ख्रिस्ती नोकरदार मुंबईत येऊ लागले, तेव्हा त्यांच्यापेक्षा आपण वेगळे आणि इथले जुने, हे दाखवायला मुंबई-साष्टीच्या मंडळींनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीची ती आठवण. पश्चिम किनाऱ्यावर जन्मोजन्म राहून नाव मात्र पूर्वेचं!

घाटकोपरहून हा जुना थर पाहायला लांब जावं लागत नाही. धीम्या लोकलनं दुसरं स्टेशन कुर्ला. तिथलं होली क्रॉस चर्च पोर्तुगीज अमदानीतलं, १८४८ मध्ये नव्यानं बांधलेलं. आजूबाजूला हॉल व्हिलेज आणि ख्रिश्चन गाव ही गावठाणं. मेट्रोनं गेलात तर मरोळ. तिथून जवळच सीप्झच्या कुंपणात १५७९ सालच्या चर्चचे अवशेष उभे आहेत.

३. अकरा दिवसांची खाडी

नाताळ २५ डिसेंबरलाच का? बायबलात येशूच्या जन्माची तारीख दिलेली नाही. रोममध्ये ती २५ डिसेंबर मानत, याची लेखी नोंद चौथ्या शतकातली सापडते. रोमन पंचांगात सर्वांत लहान दिवस याच सुमाराला धरत. अंधार ओसरून दिवस वाढू लागतो तो मुहूर्त. संक्रांतीमागेही मुळात हीच कल्पना आहे.

पण तारीख ठरली तरी कॅलेंडर कुणाचं, हा प्रश्न उरतोच. ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरातलं वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठं होतं. ११ मिनिटं म्हणजे काय, असं वाटेल. पण घरातलं घड्याळ रोज पाव मिनिट चुकत असेल तर महिन्याभरात लोकल चुकते, तसंच हे. १२८ वर्षांत पूर्ण एक दिवस हुकतो. १५८२ पर्यंत हा गोंधळ इतका साचला की पोप ग्रेगरी तेरावे यांनी दहा दिवस गाळून टाकले. ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस थेट १५ ऑक्टोबर. पोर्तुगालनं ते लगेच स्वीकारलं. इंग्लंड प्रोटेस्टंट, पोपचं ऐकणार कसं? त्यांनी १७५२ पर्यंत जुनंच चालवलं आणि तोवर फरक ११ दिवसांवर गेला होता.

मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारानं पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजाला आंदण मिळालेलं. शीवच्या टेकडीवर इंग्रजांचा किल्ला, आणि खाडीपलीकडे कुर्ला पोर्तुगीजांचं. आता १७३० चा डिसेंबर डोळ्यांसमोर आणा. कुर्ल्याच्या चर्चमध्ये नाताळची घंटा वाजते आहे, २५ डिसेंबर. शीवच्या किल्ल्यावरच्या इंग्रज शिपायाच्या लेखी मात्र अजून १४ तारीखच आहे! त्याचा ख्रिसमस यायला अकरा दिवस बाकी, आणि तो येईल तेव्हा कुर्ल्यात ५ जानेवारी असेल. आज शीव ते कुर्ला लोकलनं चारपाच मिनिटं लागतात.

४. कोंबड्याची मिस्सा आणि फराळाची रात्र

पोर्तुगालमध्ये नाताळचं खरं वजन २५ च्या दिवसावर नसतं, २४ च्या रात्रीवर असतं. त्या रात्रीच्या जेवणाला 'कोन्सुआदा' म्हणतात. ताटात काय असतं? उकडलेला खारवलेला कॉड मासा, म्हणजे 'बाकाल्याव', उकडलेलं अंडं, वरून ऑलिव्ह तेलाची सढळ धार. आणि सोबत? 'बताता' आणि 'कोव्ह'. आपले बटाटा आणि कोबी! फक्त त्यांचा कोव्ह बहुधा मोठ्या सुट्या पानांचा असतो, आपल्यासारखा गड्डा नव्हे.

सणाच्या रात्री एवढं साधं ताट का? कारण ही पूर्वसंध्या उपासाची होती. उपास म्हणजे मांस वर्ज्य, मासा चालतो. आपल्या एकादशीला धान्य वर्ज्य आणि साबुदाणा-बटाटा चालतो, तसला कायदा. आणि एकादशीच्या खिचडीचं जे झालं तेच बाकाल्यावचं झालं, उपासाचा पदार्थ आवडीचा होऊन बसला. बाकाल्याव पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही, दूर उत्तरेकडून सुकवून, खारवून आणावा लागतो. ज्या कोकणी माणसानं पावसाळ्यासाठी सुकट-बोंबलाचे डबे भरून ठेवले आहेत त्याला हे समजावून सांगायला नको.

पोर्तुगालच्या काही घरांत जेवण झाल्यावर त्या रात्री टेबल आवरत नाहीत. घरातली गेलेली माणसं रात्री येऊन जेवतील, म्हणून ताटं तशीच मांडून ठेवतात. पितृपक्षात कावळ्यासाठी पान ठेवणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

जेवणानंतर मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. तिचं पोर्तुगीज नाव 'मिस्सा दु गालु', कोंबड्याची मिस्सा. येशू जन्मला त्या रात्री कोंबडा पहाटेची वाट न पाहता मध्यरात्रीच आरवला, अशी लोककथा आहे. मुंबईत ध्वनिवर्धकाला रात्री दहाची मर्यादा आल्यापासून उघड्या पटांगणातली ही मिस्सा बऱ्याच चर्चमध्ये आठ-साडेआठलाच सुरू होऊ लागली. आमचा कोंबडा आता संध्याकाळीच आरवतो म्हणायचा.

५. साचा त्यांचा, पीठ आपलं

'कोन्सुआदा' शब्द गोव्यात आला आणि त्याचा अर्थच पालटला. तिकडे ते रात्रीचं जेवण, इकडे 'कोन्सुवाद' म्हणजे शेजारीपाजारी पाठवायचं गोडधोडाचं ताट. मंगळूरकडे त्याच ताटाला 'कुसवार' म्हणतात. दिवाळीच्या फराळाचं ताट जसं रुमाल झाकून घरोघर जातं, तसंच हे. पोर्तुगीज नाव घेतलं, पण त्या नावाखाली जी रीत चालली ती इथलीच.

हा नियम एकदा ध्यानात आला की नाताळचं सगळं ताट वाचता येतं. एक उदाहरण सावकाश पाहू.

पोर्तुगालमध्ये 'पेरा' म्हणजे नाशपाती. तिचा गर साखरेत आटवून वड्या पाडतात, ती 'पेराद'. साष्टीत आणि गोव्यात नाशपाती कुठली? पण पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेलं एक फळ इथं मजेत वाढत होतं, आकारानं साधारण नाशपातीसारखं. आपण ज्याला पेरू म्हणतो ते. हे नाव 'पेरा'वरूनच पडलं असं मानतात. मग पेराद पेरूचीच झाली. पिकलेले पेरू उकडायचे, चाळणीतून गर काढायचा, बिया टाकायच्या, गराइतकी साखर, थोडं लिंबू, आणि कढईच्या कडा सोडेपर्यंत ढवळत राहायचं. हात भरून येतो, गर फुटून मनगटावर उडतो, चटका बसतो. गोळा तुपाच्या थाळीत थापून सुरीनं चौकोन कापायचे. मुंबईत याच वडीला 'ग्वावा चीज' म्हणतात. तिच्यात चीज औषधालाही नसतं.

बदामाचं मार्झिपान घ्या. पोर्तुगालच्या दक्षिणेला बदामाच्या बागा आहेत, आपल्याकडे काजू आहे. आणि काजूही पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेला! म्हणून मुंबईच्या बऱ्याच घरी मार्झिपान काजूचं. काजू वाटून साखरेच्या पाकात घोटायचा, गुलाबपाणी घालायचं आणि रबरी साच्यात दाबून मासा, फूल, शिंपला काढायचा. ज्यानं घाटकोपरच्या फरसाणवाल्याकडची काजूकतली खाल्ली आहे, त्यानं मार्झिपानचा सख्खा चुलतभाऊ खाल्ला आहे. फक्त त्या भावाला वर्ख आहे आणि याला साचा.

कुलकुल हा माझा आवडता पदार्थ, खाण्यापेक्षा करताना बघायला. मैदा, थोडा रवा, नारळाचं दूध, साखर. सुपारीहून लहान गोळी घ्यायची, काटाचमच्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर अंगठ्यानं दाबून पसरायची आणि अलगद गुंडाळत सोडवायची. दात्यांच्या रेघा उमटलेला इवलासा शंख तयार होतो. असे शेकडो. ते एकटीचं काम नाही, म्हणून डिसेंबरातल्या एखाद्या रात्री टेबलावर वर्तमानपत्र अंथरून घरदार बसतं. आजी, सुना, पोरं, आणि शेजारची शंकरपाळ्यांत मुरलेली एखादी काकूही. पोरांचे शंख उलगडतात, आजी न बोलता पुन्हा वळते. गोव्यात यांना 'किडयो' म्हणतात, म्हणजे किडे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका, एकदा कढईतून निघालेले बघा.

नेवरीचा किस्सा वेगळा. नेवरी म्हणजे आपली करंजीच, ओल्या किंवा सुक्या खोबऱ्याची. ती कुणी आणलेली नाही, धर्म बदलला तेव्हा ती स्वयंपाकघरातच बसली होती आणि तिनं फक्त सण बदलला. गंमत अशी, की पोर्तुगालच्या आलेंतेजु प्रांतात नाताळला 'अझेव्हिया' नावाची अर्धचंद्राकृती करंजी तळतात आणि तिच्यात भरतात शिजवून वाटलेल्या काबुली चण्यांचं गोड सारण, दालचिनी घालून. पुरण! दोन्हीकडे आपापली करंजी होती, कुणी कुणाची उचललेली नाही. प्रत्येक साम्य म्हणजे उसनवारी, असं समजणाऱ्या विद्वानांनी ही अझेव्हिया एकदा खावी.

आता तिखटाकडे. मदेरा बेटावर नाताळचा मानाचा पदार्थ म्हणजे वाइन किंवा व्हिनेगर आणि लसणीत मुरवलेलं डुकराचं मांस. नाव 'व्हिन्या द आल्युश'. 'आल्यु' म्हणजे लसूण. जहाजावर मांस टिकवण्याची ही युक्ती. आपल्याकडे वाइनच्या जागी ताडी-माडीचं व्हिनेगर आलं, लाल मिरची आली, मसाले आले आणि नाव झालं विंदालू. ईस्ट इंडियन घरांतलं त्याचं भावंड 'इंदियल'. पुढे हॉटेलवाल्यांनी नावातल्या 'आलू'ला जागून त्यात बटाटे टाकले. तो गुन्हा अजून चालू आहे.

त्याच्याशी खायला ईस्ट इंडियन घरी फुग्या. आंबवलेल्या मैद्यात अंडं आणि नारळाचं दूध घालून, मुठीतून गोळा पिळून तेलात सोडायचा. तो टुणकन फुगून वर येतो आणि स्वतःच कूस बदलतो. आणि मसाला तो 'बॉटल मसाला'. उन्हाळ्यात वीसपंचवीस जिनसा उन्हात वाळवून, भाजून, कुटून तो तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात. बाटली काळसर, कारण उजेडानं रंग आणि वास उडतो. एप्रिल-मेमध्ये केलेला मसाला नाताळच्या हंडीत उतरतो.

वरच्या इंग्रजी थराबद्दल दोनच गोष्टी. सजवलेलं झाड मुळात इंग्रजांचंही नाही, जर्मनांचं. इंग्लंडमध्ये ते रूढ झालं व्हिक्टोरियाचा जर्मन नवरा आल्बर्ट याच्यामुळे आणि पोर्तुगालमध्ये आलं त्याच घराण्यातल्या फर्नांदुमुळे, जो पोर्तुगालच्या राणीचा नवरा होता. दोघे चुलतभाऊ. आणि पोर्तुगालमध्ये मुलांना भेटी आणून देणारा पूर्वी कुणी म्हातारा नव्हता. स्वतः बाळ येशू रात्री चुलीजवळ ठेवलेल्या बुटात खाऊ ठेवून जायचा. म्हातारा नंतर आला. त्याला ते 'पाय नताल' म्हणतात, शब्दशः आपला नाताळबाबा.

६. गव्हाणी आणि किल्ला

हा भाग ज्यांनी लहानपणी दिवाळीत किल्ला केला आहे त्यांच्यासाठी.

१२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसनं एका गुहेत गवत पसरलं, खरा बैल आणि खरं गाढव आणून बांधलं आणि लोकांना दाखवलं की येशू जन्मला तो असा, गव्हाणीत. ज्यांना लॅटिन कळत नव्हतं त्यांना हे कळलं. तिथून चर्चमध्ये आणि घरात गोठ्याचा देखावा मांडायची प्रथा पसरली. पोर्तुगालमध्ये तिला 'प्रेझेप्यु' म्हणतात. लिस्बनच्या एस्त्रेला बॅसिलिकेत माशादु द काश्त्रु या अठराव्या शतकातल्या शिल्पकाराचा मातीचा आणि बुचाच्या लाकडाचा देखावा आहे, त्यात पाचशेहून अधिक मूर्ती आहेत. मूळ कथेत इतकी माणसं नाहीत. यात बाजार आहे, वाजंत्री आहेत, सगळं गावच गोठ्यापुढे लोटलं आहे.

आपल्या किल्ल्याचं तेच. सिंहासनावर महाराज आणि पायथ्याशी गवळण, वाघ, क्रिकेट खेळणारा मावळा, आणि काकांनी दुबईहून आणलेली मोटार. मापाचा हिशेब नाही, दरवाजापेक्षा पहारेकरी मोठा. कुर्ल्याच्या किंवा मरोळच्या गावठाणात नाताळच्या आठवड्यात चक्कर मारा, दारोदार तोच कारभार. गवताचं छप्पर, गोणपाटाचे डोंगर, आरशाच्या तुकड्याचं तळं, त्यात प्लॅस्टिकची बदकं, मेंढपाळापेक्षा उंच मेंढी. गव्हाणी मात्र २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी, कारण बाळ अजून जन्मायचं आहे.

आता हिरवळ. किल्ल्यावर आपण अळीव किंवा मोहरी पेरतो. गोठ्याच्या पुढ्यात ख्रिस्ती घरांतली मुलं गहू, नाचणी किंवा मोहरी पेरतात, आठदहा दिवस आधी, म्हणजे नाताळपर्यंत बोटभर शेत उभं राहतं. आणि पोर्तुगालच्या दक्षिणेला आल्गार्व्ह प्रांतात डिसेंबरच्या पूर्वार्धात बशीत गहू रुजत घालतात आणि नाताळला ते कोंब बाळ येशूच्या पायऱ्यांवर संत्र्यांच्या शेजारी मांडतात. नाव 'सेआरिन्या', म्हणजे छोटी शेतं. हेतू एकच, येतं पीक चांगलं येऊ दे.

बशीत माती, धान्य, रोज पाणी, नवव्या-दहाव्या दिवशी पिवळसर-हिरवे कोंब. आपल्याकडे याला घट बसवणं म्हणतात. शेतकरी कुठलाही असो, बियाणं उगवेल की नाही याची धाकधूक तीच. कुर्ल्याच्या ख्रिस्ती घरात हे कोंब आल्गार्व्हहून आले की साष्टीच्याच मातीतून उगवले, याचा निवाडा मी करणार नाही. माझा कल मातीकडे आहे.

या गोठ्याची कथा मराठीत पहिल्यांदा भरभरून सांगितली ती एका इंग्रजानं, पोर्तुगीज राज्यात बसून. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, रोमन लिपीत, दहा हजारांहून अधिक ओव्यांचं. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी चौदा वर्षं बेथलेहेमचं बाळ ओवीत आलेलं होतं.

७. सहा जानेवारी

इंग्रजी थरानं आपल्याला शिकवलं की ख्रिसमस २५ ला होतो आणि मग ३१ ची पार्टी. मुंबईत आणि गोव्यात ३१ च्या मध्यरात्री जुन्या कपड्यांत पेंढा भरून केलेला 'ओल्ड मॅन' जाळतात. त्याआधी काही दिवस पोरं तो घेऊन वर्गणी मागत फिरतात. होळीच्या वर्गणीला पैसे दिलेल्या कुणालाही हा प्रकार नवा नाही.

पण जुन्या रीतीत नाताळ संपतो तो ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणानं. पूर्वेकडून ताऱ्याच्या मागोमाग आलेले तीन ज्ञानी त्या दिवशी बाळापाशी पोचले, अशी श्रद्धा. त्या मोसमात पोर्तुगालमध्ये 'बोलु रेय', राजाचा केक, खातात. सुक्या फळांनी मढवलेला, मुकुटासारखा मधे भोक असलेला. त्यात एक वाल दडवतात. ज्याच्या फोडीत वाल येईल त्यानं पुढच्या वर्षीचा केक आणायचा. भिशीचा नंबर लागण्यासारखंच, फक्त उलटं. गोव्यात कासावली-आरोशी-कुएली या तीन गावांची तीन मुलं या दिवशी मुकुट घालून घोड्यावरून टेकडीवरच्या चॅपेलपर्यंत जातात. मांडवीकाठी १५५५ मध्ये उभारलेल्या चर्चचं नावच रेईस मागूश, ज्ञानी राजे.

मुंबईच्या धबडग्यात सहा तारीख कामाचाच दिवस असतो. तरी गावठाणांत बऱ्याच घरी गोठा तोवर मोडत नाहीत आणि गॅलरीतला कागदी तारा उतरवत नाहीत. घाटकोपरमध्ये सहा जानेवारीला कुठल्या गॅलरीत तारा अजून पेटलेला दिसला, तर त्या घरी सण अजून संपलेला नाही असं समजा आणि बेल दाबून नाताळच्या शुभेच्छा द्या, उशीर झालेला नाही. मग परत येऊन आपल्या गॅलरीत लटकत राहिलेला दिवाळीचा कंदील तेवढा काढा.